रायफलच्या नळीची लांबी आणि गोळीचा वेग: दर इंचाला नेमकं काय मिळतं?

प्रश्न असा आला आहे: .३०८ विंचेस्टर या काडतुसाची एकच रायफल २० इंची आणि २६ इंची अशा दोन नळ्यांत उपलब्ध आहे. नेमबाजी मुख्यतः ३०० मीटरवर करायची आहे, पुढेमागे १००० यार्डांवर उतरायचीही इच्छा आहे. कुणी सांगतं, नळी इंचभर वाढली की वेग सेकंदाला ५० फुटांनी वाढतो. कुणी सांगतं, काहीच फरक पडत नाही. खरं काय, आणि .२२ रायफललाही हाच हिशेब लागू पडतो का?

आधी थेट उत्तर देतो. .३०८ मध्ये २० ते २६ इंचांच्या टप्प्यात दर इंचामागे सेकंदाला साधारण २० ते २५ फूट, म्हणजे ६ ते ८ मीटर धरून चाला. सहा इंचांचे मिळून सेकंदाला ४० मीटरच्या आसपास होतात. ३०० मीटरवरच्या नेमबाजीत एवढ्यासाठी लांब नळी घेण्याचं कारण नाही. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, मात्र हेच ४० मीटर फार मोलाचे ठरतात. आणि .२२ चं गणित सर्वस्वी वेगळं आहे. तिथे एका मर्यादेपुढे नळी लांबवली तर गोळी मंदावते.

नळ्या बसवणं आणि क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग टिपणाऱ्या यंत्रावर, वेग मोजणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. "इंचाला किती?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. त्याला एकच आकडा ठोकून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या आकड्याच्या भरवशावर लोक चांगली नळी कापून घेतात, नाहीतर गरज नसताना जड रायफल वर्षानुवर्षं वागवतात. म्हणून आकड्यामागचं कारण नीट समजून घ्या. ते कळलं की कुठल्याही काडतुसाचा अंदाज तुमचा तुम्हाला बांधता येईल.

चाप ओढला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडातल्या प्राइमरवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीवर, आदळते, प्राइमरची ज्वाळा पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातल्या, पावडरीत शिरते आणि पावडर पेटून वायू तयार होऊ लागतो. गोळी पुंगळीच्या गळ्यातून सुटते आणि रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये, घुसते. ती जेमतेम काही सेंटीमीटर सरकते न सरकते तोवर वायूचा दाब शिगेला पोचलेला असतो. .३०८ मध्ये हा दाब ४,००० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) घरात जातो. नळीच्या भोकाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटीमीटरहूनही किंचित कमी. एवढ्याशा जागेवर ४,००० बार म्हणजे गोळीच्या बुडावर जवळपास १,९०० किलोचा भार, आणि गोळीचं स्वतःचं वजन असतं ११ ग्रॅमच्या आसपास. नळीतली सर्वात मोठी घटना इथेच, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाच्या, अगदी तोंडाशी घडून जाते. पुढे गोळी जसजशी सरकते तसतशी वायूला पसरायला जागा मिळते आणि दाब झपाट्याने उतरतो. चेंबरपासून मझलपर्यंतचा, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडापर्यंतचा, सगळा प्रवास एक मिलिसेकंदाहून थोड्याच जास्त वेळात आटोपतो.

बंद पडलेली गाडी ढकलून पाहिली असेल तर हे लगेच ध्यानात येईल. पहिल्या काही पावलांत अंगातला सगळा जोर लागतो. गाडी पळू लागली की ढकलणाऱ्यालाच तिच्यामागे धावावं लागतं. हात टेकलेले असतात, पण रेटा उरत नाही. वायूचं तेच होतं. पळणाऱ्या गोळीला गाठत राहण्यासाठी त्याला स्वतःचंही वजन पुढे न्यायचं असतं, आणि ते वजन नगण्य नसतं. .३०८ मध्ये ११ ग्रॅमच्या गोळीमागे ३ ग्रॅमच्या आसपास पावडर जळते. तिचा वायू झाला तरी वस्तुमान तेवढंच राहतं.

शेवटच्या इंचांमध्ये किती जोर शिल्लक असतो, हे एका उदाहरणावरून कागदावर काढून दाखवतो. एम१६ए२ रायफलची नळी २० इंची आहे, एम४ कार्बाइनची १४.५ इंची. दोन्हींतून ५.५६ मिलिमीटरचं एम८५५ काडतूस उडतं. त्याची गोळी ६२ ग्रेनची, म्हणजे ४ ग्रॅमची. मझलपाशी वेग पहिलीतून सेकंदाला सुमारे ९४८ मीटर, दुसरीतून सुमारे ९०५ मीटर. गतिज ऊर्जा काढली तर अनुक्रमे सुमारे १,८०० आणि १,६४० ज्यूल येते. म्हणजे वाढीव साडेपाच इंचांनी, १४ सेंटीमीटरांनी, भर घातली ती १६० ज्यूलची. ऊर्जेला अंतराने भागलं की सरासरी रेटा निघतो: १६० भागिले ०.१४, सुमारे १,१४० न्यूटन. ५.५६ च्या भोकाचं क्षेत्रफळ पाव चौरस सेंटीमीटर. त्यावर १,१४० न्यूटन म्हणजे ४५० बार. वायूला स्वतःला ढकलण्यात आणि घर्षणात जे खर्च होतं ते धरलं तर ५०० ते ६०० बार म्हणा. याच काडतुसाचा कमाल दाब ४,००० बारच्या वर असतो. म्हणजे शेवटच्या साडेपाच इंचांत गोळीमागे कमाल दाबाच्या सातवा-आठवा हिस्साच उरलेला असतो. नळी ३८ टक्के लांब, आणि वेग पावणेपाच टक्क्यांनी जास्त.

यावरून मी एक ठोकताळा वापरतो. नेहमीच्या लांबीच्या सेंटरफायर (बुडाच्या मधोमध प्राइमर असलेल्या काडतुसाच्या) रायफलमध्ये नळी १० टक्क्यांनी लांब केली की वेग साधारण दीड ते दोन टक्क्यांनी वाढतो. .३०८ लाही हा बरा लागू पडतो: १६ इंची नळी २४ इंची नळीच्या वेगाच्या ९२ ते ९४ टक्के वेग देते. "दर इंचाला इतके फूट" यापेक्षा हा टक्क्यांचा हिशेब जास्त प्रामाणिक आहे, कारण १२ इंचांवरून ११ वर येणं आणि २६ वरून २५ वर येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेगाचा आलेख सुरुवातीला उभा चढतो आणि पुढे पसरट होत जातो. ५.५६ मध्ये १० इंचांच्या जवळपास आलात की इंचामागे ५० फुटांहूनही जास्त वेग जातो. २० इंचांच्या पुढे त्याच काडतुसात निम्मा फरकही जाणवत नाही. ५० फूट सांगणारा आणि "फरक पडत नाही" म्हणणारा, दोघेही बहुधा एकाच आलेखाच्या दोन टोकांवर उभे राहून बोलत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नळीची नुसती लांबी पाहून काही कळत नाही. पुंगळीत वायूला सुरुवातीला किती जागा होती आणि गोळी मझलपाशी पोचेपर्यंत ती किती पट झाली, हे पाहावं लागतं. याला प्रसरणाचं गुणोत्तर म्हणतात. .३०८ च्या पुंगळीत साधारण ३.६ घन सेंटीमीटर जागा असते. २४ इंची नळीत गोळी मागे मोकळी करत जाते ती जागा २६ घन सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही मिळून जवळपास ३०, म्हणजे वायू सुमारे आठपट पसरला. १६ इंची नळीत हेच गुणोत्तर पावणेसहाच्या जवळ येतं.

आता ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम घ्या. पुंगळी मोठी, ५.३ घन सेंटीमीटरची, आणि भोक .३०८ पेक्षा अरुंद. २४ इंची नळीत तिचं गुणोत्तर जेमतेम पाचावर येतं. म्हणजे प्रसरणाच्या दृष्टीने २४ इंची मॅग्नम ही १६ इंची .३०८ पेक्षाही "आखूड" आहे. मॅग्नम रायफलींना २४ आणि २६ इंचांच्या नळ्या का देतात आणि त्यांच्यात एक इंच कापला तर ३० फुटांहूनही जास्त वेग का जातो, ते इथे स्पष्ट होतं. मझलपाशी वायूत अजून बरीच ताकद शिल्लक असते. ती कापून टाकली की ती ताकद आवाज आणि ज्वाळा होऊन बाहेर पडते. आखूड नळीची मॅग्नम रायफल शेजारच्या फायरिंग पॉइंटवर असली की कानांवर संरक्षक लावूनही जे जाणवतं, तो वाया गेलेला वेगच असतो.

उलट टोकाला .३०० ब्लॅकआउट आहे. .२२३ ची पुंगळी कापून आखूड केलेली आणि तिच्यात .३० ची जाड गोळी बसवलेली. पुंगळी लहान, भोक मोठं, पावडर झटकन जळणारी. म्हणून ९-१० इंची नळीतही या काडतुसाचं बरंचसं काम होऊन जातं. ते आखूड नळीसाठीच घडवलं आहे.

.२२ लाँग रायफल हे तर या तत्त्वाचं सर्वात स्वच्छ उदाहरण. पावडर चिमूटभर, एक दशांश ग्रॅमच्या आसपास. गोळी ४० ग्रेनची, २.६ ग्रॅमची, नुसत्या शिशाची. एवढ्याशा पावडरीचा वायू साधारण १६ ते १९ इंचांपर्यंत गोळीला रेटतो. तिथे रेटा आणि घर्षण जवळपास बरोबरीला येतात. पुढे घर्षण वरचढ ठरतं आणि गोळीचा वेग किंचित उतरू लागतो. मग स्पर्धेच्या .२२ रायफलींच्या नळ्या २६ इंचांपर्यंत का असतात? मागची-पुढची साइट एकमेकींपासून लांब असली की नेमातली चूक बारीक दिसते, पुढचं वजन रायफलला स्थिर ठेवतं आणि आवाज सौम्य होतो, म्हणून. काही रायफलींत रायफलिंग असलेली नळी मुद्दाम आखूड ठेवतात आणि तिच्यापुढे मोकळी पोकळ नळी जोडून साइट तिच्यावर बसवतात. गोळी लवकर नळीबाहेर पडते, आणि साइटमधलं अंतरही टिकतं. ५० मीटरच्या स्पर्धेत वेगाची हाव कुणालाच नसते. काडतूसच मुळात ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली, सेकंदाला ३२०-३३० मीटरवर ठेवलेलं असतं, म्हणजे ध्वनीची सीमा ओलांडतानाची अस्थिरता गोळीच्या वाट्याला येत नाही.

पावडरीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. "आखूड नळीत पावडर पूर्ण जळत नाही, ती बाहेर येऊन जळते, तीच मझलपाशीची ज्वाळा." हे बहुतांशी चूक आहे. योग्य काडतुसात पावडरीचा मोठा भाग नळीच्या पहिल्या टप्प्यातच जळून जातो. मझलबाहेर जो मोठा भडका दिसतो तो मुख्यतः तापलेल्या वायूंचा असतो. पावडरीच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. बाहेर हवेतला ऑक्सिजन मिळताच ते पुन्हा पेटतात. नळी आखूड असली की हे वायू जास्त गरम आणि जास्त दाबाखाली असताना बाहेर येतात, म्हणून भडका मोठा. याच गैरसमजाचं दुसरं पिल्लू म्हणजे "आखूड नळीला जलद जळणारी पावडर घ्या" हा सल्ला. एकाच काडतुसात, एकाच गोळीमागे, लांब नळीत जी पावडर सर्वात जास्त वेग देते तीच बहुधा आखूड नळीतही सर्वात जास्त देते. जलद पावडरीने भडका आणि आवाज कमी होतो, आणि तेवढ्यासाठी ती निवडणं योग्यच आहे. पण वेग वाढेल या आशेने निवडाल तर निराश व्हाल.

आता मोजमापाबद्दल. हा माझा सर्वात जिव्हाळ्याचा भाग आहे आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात.

काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा चाचणीच्या नळीतून मोजलेला असतो. ती नळी सेंटरफायर रायफलसाठी सहसा २४ इंची, आणि तिचं चेंबर व भोक काटेकोर मापाचं असतं. तुमच्या रायफलचं चेंबर किंचित सैल असतं, त्यामुळे २४ इंची नळी असूनही छापील आकडा न दिसणं हे अगदी स्वाभाविक आहे. त्यात नळी-नळीत फरक असतो. माझ्या समोर एकाच बनावटीच्या दोन रायफली आल्या होत्या, एक दुसरीपेक्षा दोन इंचांनी लांब. एकाच खोक्यातली काडतुसं, एकाच सकाळी, एकाच क्रोनोग्राफवर. लांब नळीचा वेग कमी आला. मालकाला वाटलं यंत्र बिघडलं. रायफली अदलून बदलून पुन्हा मोजलं, तरी तेच. मग नळीच्या आत पाहण्याची दुर्बीण, बोअरस्कोप, घालून पाहिलं. आखूड नळी अंगचीच घट्ट आणि आरशासारखी गुळगुळीत होती. लांब नळीचं भोक सैल आणि चेंबरपुढचा भाग झिजून भेगाळलेला. दोन इंचांची कमाई त्या झिजेने खाऊन टाकली होती. नवी नळी पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत आपोआप थोडा वेग वाढवते, हेही अनेकांना माहीत नसतं आणि ते तेवढ्यात आपला नेम बिघडला म्हणून काळजीत पडतात.

क्रोनोग्राफ वापरताना आकडेमोड विसरू नका. समजा तुमच्या काडतुसांत गोळीगणिक वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला ५ मीटर आहे, जे चांगल्या फॅक्टरी काडतुसात सहज असतं. पाच गोळ्यांची सरासरी काढली तर त्या सरासरीतच सव्वादोन मीटरची अनिश्चितता असते. दोन नळ्यांची तुलना करता तेव्हा ही अनिश्चितता दोन्हीकडून येऊन तीन मीटरच्या वर जाते. आणि .३०८ मध्ये एक सेंटीमीटर नळीची किंमत आहे अडीच ते तीन मीटर! म्हणजे पाच-पाच गोळ्या मारून "सेंटीमीटरभर कापल्याने वेग गेला" किंवा "काहीच गेला नाही" असं दोन्ही म्हणता येईल, आणि दोन्ही निराधार असेल. किमान वीस-वीस गोळ्या मारा. प्रकाशावर चालणारं यंत्र असेल तर ते मझलपासून तीनेक मीटर लांब ठेवा, नाहीतर मझलच्या झोताने आकडे गडबडतात. काडतुसं सावलीत ठेवा. तापमानाला संवेदनशील पावडर दर अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग बदलते. उन्हात तापलेलं खोकं सावलीतल्यापेक्षा २० अंशांनी गरम झालं तर १० मीटरचा फरक पडतो, तोही नळीला हात न लावता.

लांब नळी जास्त अचूक असते का? नाही. साध्या उघड्या साइट असतील तर साइटमधल्या अंतराचा फायदा मिळतो, तो वेगळा. दुर्बीण लावली की तोही संपतो. उलट एकाच जाडीची नळी आखूड असेल तर ती जास्त ताठ असते, कारण टोकावरचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० ऐवजी २६ इंच केलं तर तेवढ्याच जोराखाली वाक दुपटीहून जास्त होतो. शिवाय वजन. २२ मिलिमीटर जाडीच्या .३०८ नळीचा प्रत्येक सेंटीमीटर सुमारे २६ ग्रॅमचा. सहा इंचांत जवळपास ४०० ग्रॅम वाढतात, आणि तेही रायफलच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे हाताला ते सर्वात जास्त जाणवतात. पडून नेमबाजी करणाऱ्याला हे वजन आवडतं. उभ्याने करणारा दहाव्या गोळीपर्यंत थकतो.

जुन्या सैनिकी रायफली एवढ्या लांब का होत्या, असंही विचारलं जातं. त्यात वेगाचा वाटा लहान होता. सैनिक रांगेत उभे राहून मारा करायचे, मागच्या रांगेची नळी पुढच्याच्या कानापुढे निघायला हवी आणि संगीन लावल्यावर भाल्यासारखा पल्ला मिळायला हवा. ब्रिटिशांच्या जुन्या ली-एनफील्डची नळी ३०.२ इंची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी २५.२ इंची नळीची शॉर्ट ली-एनफील्ड पायदळ आणि घोडदळ दोघांनाही दिली. त्या काळी नेमबाजांनी या आखूड नळीवर बरीच टीका केली. सैन्याला मात्र संगिनीच्या पल्ल्याची काळजी पडली होती; म्हणून १९०७ साली १७ इंची पात्याची लांब संगीन आली. तीच थ्री-नॉट-थ्री पुढे दोन महायुद्धं लढली.

आता तुमच्या ३०० मीटरकडे. २६ इंची नळीतून सेकंदाला ७९० मीटर आणि २० इंचीतून ७५० मीटर असं धरा. दोन्ही रायफली १०० मीटरवर शून्यावर आणल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच ठिकाणी जुळवली, तर ३०० मीटरवर गोळीच्या घसरणीत फरक पडतो तो दहा सेंटीमीटरपेक्षा कमी. साइटचे दोन-चार क्लिक फिरवले की तो फरक नाहीसा होतो. साइटने न सुटणारी गोष्ट म्हणजे वारा. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या आडव्या वाऱ्यात ३०० मीटरवर दोन्हींच्या सरकण्यात एक-दीड सेंटीमीटरचा फरक येतो. तुमचा वारा वाचण्याचा अंदाज याहून कितीतरी जास्त चुकत असतो, माझाही चुकतो. म्हणून ३०० मीटरसाठी चांगल्या दर्जाची २० इंची नळी घ्या आणि उरलेलं बळ वारा शिकण्यात घाला.

१००० यार्डांवर चित्र पालटतं. .३०८ ची गोळी तिथे पोचेपर्यंत ध्वनीच्या वेगाच्या आसपास उतरलेली असते. ती सीमा लक्ष्याआधी ओलांडावी लागली तर अनेक गोळ्या डगमगतात आणि गट विस्कटतो. सुरुवातीचे ४० मीटर इथे गोळीला सीमेच्या वर ठेवून लक्ष्यापर्यंत नेतात. म्हणूनच पाल्मा या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत .३०८ मधून १५५ ग्रेनची गोळी मारणारे नेमबाज ३० इंची नळ्या वापरतात आणि सेकंदाला ९०० मीटरपर्यंत वेग काढतात. तिथे प्रत्येक इंच कामाचा असतो.

आखूड नळीला रायफलिंगचा पीळ जास्त घट्ट लागतो का, हे बऱ्याच जणांच्या मनात असतं. नेहमीच्या लांबीत नाही. गोळीची स्थिरता मुख्यतः पिळावर, गोळीच्या लांबीवर आणि हवेच्या घनतेवर ठरते. चार-पाच टक्के वेग कमी झाल्याने ती फारशी ढळत नाही.

लांब नळी घेऊन नंतर कापू, असं मनात असेल तर दोन गोष्टी. अनेक देशांत नळीची किमान लांबी कायद्याने ठरलेली असते, ती आधी पाहा. आणि काप दिल्यावर मझलचा क्राउन, म्हणजे भोकाची शेवटची कडा, लेथवर नव्याने, भोकाशी एककेंद्री करून घ्यावाच लागतो. गोळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथे एका बाजूला जरी धातूचा बारीकसा कंगोरा उरला तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरपा धक्का बसतो. वेग जाईल की नाही यापेक्षा या कापाची मला जास्त धास्ती असते. अर्धस्वयंचलित रायफल असेल तर कापूच नका. गॅसच्या छिद्रापुढे उरलेली नळी कमी झाली की यंत्रणेला वायू मिळण्याचा वेळ बदलतो आणि रायफल पुढचं काडतूस आपोआप नीट भरेनाशी होते.

एक शेवटचं, कारण यावरून दर वेळी वाद होतात. नळीची लांबी चेंबरसकट मोजतात, बोल्टच्या तोंडापासून मझलपर्यंत. रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, बोल्ट बंद करा, मझलमधून साफसफाईची सळई बोल्टला टेकेपर्यंत सोडा, मझलच्या पातळीवर खूण करा आणि बाहेर काढून मोजा. स्क्रूने लावलेला मझल ब्रेक (धक्का कमी करणारं तोंडाचं जोडसाधन) काढून मोजायचं. ही लांबी आली २० इंच, तर त्यातून चेंबरचा भाग वजा जाऊन .३०८ च्या गोळीला प्रत्यक्ष रेटा मिळतो तो सुमारे १८ इंचांवर. तुलना करताना दोन्ही रायफली अशाच पद्धतीने मोजा. दोन्ही रायफली हाताशी आल्या तर एकाच लॉटची चाळीस काडतुसं घ्या, वीस-वीस मोजा आणि आकडे मला पाठवा. पीळ आणि गोळीचं वजनही सोबत कळवा, म्हणजे १००० यार्डांवर ती गोळी ध्वनीच्या वर राहील की नाही ते मी तुमच्यासाठी काढून देईन.